आवडाबाई वांगी कंपनी, मर्यादित

सन एकोणीसशे चौतीसपर्यंत आवडाबाई शेलूबाजारात वांगी विकत होती, आणि नफा म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. बाजार उठताना टोपली रिकामी आणि कनवटीला पैसे, एवढ्यावर तिचं भागत असे. हा अडाणीपणा तिच्या जावयाला बघवेना. शालिग्राम अकोल्याला तीन महिने व्यापारशास्त्र शिकून आला होता.

“मामी, तुमचा धंदा नुसता उघड्यावर चालून राह्यला. याची कंपनी करू.”

“करा बापू,” आवडाबाई म्हणाली. जावयाला नाही म्हणायची त्या घरात रीत नव्हती.

कंपनी झाली. मोटेचे दोन बैल ‘स्थिर मालमत्ता’ झाले, वांगी ‘चालू मालमत्ता’ आणि आवडाबाई ‘मजुरी खर्च’. शालिग्राम चालक झाला. चालकाला खुर्ची लागते, खुर्चीला टेबल, टेबलाला घंटी. घंटी वाजली की येण्यासाठी आवडाबाईचा नवरा नथ्थू महिना तीन रुपयांवर नेमला गेला. आजवर तो हाक मारली की फुकट येत असे.

पुढच्या बाजारी गिऱ्हाइकानं भाव विचारला. पण भाव आता संचालक मंडळ ठरवणार होतं, आणि मंडळाची सभा दुसऱ्या दिवशी होती. वांगी टोपलीतच राहिली. शालिग्रामनं उत्साहानं वही उघडली.

“वांगे सडले बापू!”

“सडले, पण वहीत लिवून सडले! पयले तुमचे बिनहिशेबी सडत.”

मग त्याची नजर बैलांवर गेली. बैल दरसाल झिजतो, म्हणून त्याची किंमत दरसाल कमी मांडायची. याला घसारा म्हणतात. शालिग्रामनं पाच वर्षांचा घसारा एकदम काढला आणि बैल शून्यावर आणले.

“मामी, शून्याले वैरण कायले घालता?”

आवडाबाई पदराआड कडबा लपवून स्वतःच्याच गोठ्यात चोरासारखी जाऊ लागली.

एवढी सुधारलेली कंपनी पाहून गाव चेकाळलं. दौलतराव पाटलांनी एकेक रुपयाचे दहा शेअर घेतले, मग कोण मागं राहतो? वर्षाअखेरीस सभा भरली. शालिग्रामनं रुपयामागं चार आणे लाभांश जाहीर केला. टाळ्यांनी पारावरची कबुतरं उडाली.

“एक वांगं इकलं नाई,” आवडाबाईनं विचारलं, “मंग पैसा कुठला?”

“बैल इकले.”

तिच्या एका शेअरचे चार आणे तिच्या तळहातावर पडले. ती ढसाढसा रडली. सभेनं हे आनंदाश्रू म्हणून नोंदवले.

“अन् पुढच्या साली काय वाटसान?” तिनं डोळे पुसत विचारलं.

“नवे शेअर काढू. नव्याईच्या पैशानं जुन्याईले वाटू.”

दौलतराव खाकरले. “एका माणसाले किती शेअर भेटतीन?”

दुपारपर्यंत रांग मंगरूळच्या सडकेला लागली. आवडाबाई टेबलाशी जाऊन ओरडली, “अरे, बैल नाई तं मोट कोन ओढीन?”

“बाई, मधात घुसू नोका!” रांग एका आवाजात म्हणाली.

संध्याकाळी शालिग्राम शेअरच्या पैशांची पेटी घेऊन गेला, खुर्चीसकट. रांग मात्र मोडली नाही, ती अजून आहे. तुम्ही जरा मागं उभे आहात, म्हणून पुढचं टेबल दिसत नाही, इतकंच. ढकलू नका.