ओल्या गाद्या आणि मऊ सवारी

कापूसशेठ निघाले होते एक छोटा टेम्पो घ्यायला आणि घरी आले ते अवाढव्य पिकअप घेऊन. मध्ये काय घडलं म्हणाल, तर शोरूममधल्या विक्रेत्याने एवढंच विचारलं, "साहेब, माल किती वजनाचा असतो?" आता शेठचं दुकान गाद्या-उशांचं. अख्खं दुकान उचलून गाडीत टाकलं तरी गाडीला पत्ता लागायचा नाही. पण नेमका शेजारी त्यांच्याच रस्त्यावरचा सिमेंटवाला उभा होता, आणि त्याच्यासमोर 'कापूस' म्हणायला शेठची जीभ रेटेना. ते म्हणाले, "जड असतो, फार जड." झालं. जड मालाची गाडी पदरात पडली.

गाडी मात्र रुबाबदार. पुढे दोघांची, मागे तिघांची सीट आणि त्याच्याही मागे भलाथोरला हौदा. शेठ तिच्यावर इतके खूश, की रोज दुकान उघडण्याआधी तिच्या काचा पुसायचे (स्वतःच्या चष्म्याची काच पुसायची त्यांना बायकोने आठवण करून द्यावी लागायची). दोष एकच. एक टन वजन पेलायला केलेली ती गाडी चार उशा घेऊन निघाली की खड्ड्याखड्ड्यात आपटत जायची. चाकाखाली आलेला खडा हरभऱ्याएवढा होता की वाटाण्याएवढा, हे बसणाऱ्याच्या मणक्याला बरोबर कळायचं. दुकानात अभ्रे शिवणारी त्यांची बायको एकदाच तिच्यात बसली. उतरल्यावर शांतपणे म्हणाली, माझी एक दाढ हलतेय, पुन्हा बसवणार असाल तर आधी सगळ्या काढून येते.

हे इथवर निभावलं असतं. पण सासऱ्यांचं पाठीचं ऑपरेशन झालं. सासरे म्हणजे जन्मभर टायपिंगचा क्लास चालवलेले कडक गृहस्थ. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, मात्र गचका बसता कामा नये. त्यावर मेहुण्याने दवाखान्याची गाडी सांगतो म्हटलं. शेठने गप्प बसायचं की नाही? पण घरात पिकअप असताना भाड्याची गाडी म्हणजे त्यांना पिकअपचा अपमान वाटला. "माझ्या गाडीत बाबांना आमच्याकडे फुलासारखे आणतो," असं ते सगळ्यांदेखत बोलून गेले.

बायकोने घरी येईपर्यंत वाट पाहिली आणि मग सांगितलं, "माझ्या बाबांना एक जरी गचका बसला, तरी दुसऱ्या दिवशी ही गाडी विकायची. गिऱ्हाईक मी शोधीन."

बायको बोलली की करते, हे शेठला माहीत होतं. तिने अशीच एकदा त्यांची बासरी विकली होती, आणि घेणाऱ्याने ती वाजवूनही पाहिली नव्हती.

आता जगातल्या कुठल्याही अडचणीवर शेठकडे एकच उपाय, तो म्हणजे गादी. दार आपटतं, गादी लावा. शेजारचा माणूस घोरतो, भिंतीला गादी लावा. त्यांनी सीटवर दुकानातली सर्वांत महागडी स्प्रिंगची गादी अंथरली, तिच्यावर दुसरी अंथरली आणि चालवून पाहायला निघाले. पहिल्याच स्पीडब्रेकरला गाडी एकदा उडाली, शेठ दोनदा उडाले आणि दोन्ही वेळा टप डोक्याला लागला. टाळूवर टेंगूळ मिरवत ते थेट मेस्त्रीकडे गेले.

मेस्त्रीने गाडीखाली नुसतं डोकावून पाहिलं. म्हणाला, "शेठ, सीटचा काही दोष नाही. खालचे स्प्रिंगचे पाटे जाड आहेत, वजन पडल्याशिवाय ते वाकायचे नाहीत. हौद्यात भरपूर वजन टाका, गाडी पाण्यावरून गेल्यासारखी जाईल."

उपाय सोपा होता, वाळूची पोती टाकायची. पण ती मिळणार सिमेंटवाल्याकडे. त्याला तर माल फार जड असतो म्हणून सांगून बसलेले. फार जड मालाच्या मालकाने वजन उसनं मागायचं कसं? शेठ दुकानात डोक्याला हात लावून बसले (टेंगळाला लागला म्हणून लगेच काढला). समोर जुन्या गाद्यांचा ढीग होता. नवी गादी घेताना गिऱ्हाइकं जुनी देऊन जायची, तो हा ढीग. तो बघता बघता त्यांना आठवलं, मागे एकदा नळ उघडा राहून त्यातली एक गादी भिजली होती आणि ती उचलताना दोन गडी रडकुंडीला आले होते. शेठ ताडकन उठले. आयुष्यात पहिल्यांदा कापूस त्यांना जड मालासारखा दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको आवरत असताना त्यांनी हौदा गाद्यांनी गच्च भरला, नळी लावून प्रत्येक गादी पोटभर भिजवली आणि वर ताडपत्री ओढली. गाडी मागून बसली. मेस्त्री खोटं बोलला नव्हता. दवाखान्यापर्यंत गाडी अशी गेली, की बायकोने वाटेत दोनदा दाढेवर ठेवलेला हात काढून पाहिला.

एक गोष्ट मात्र शेठच्या ध्यानात आली नव्हती. गादीत शिरलेलं पाणी गादीत राहत नाही. दवाखान्यात कागदपत्रं, गोळ्या, डॉक्टरांची वाट पाहणं यात बराच वेळ गेला, आणि बाहेर उन्हात गाडीखालून ओढा वाहू लागला. सासऱ्यांना चाकाच्या खुर्चीवरून आणलं तेव्हा रखवालदार त्या ओढ्याच्या काठावर उभा राहून ही गाडी कोणाची म्हणून विचारत होता. हौदा चांगला वीतभर वर आला होता.

शेठ बागेला पाणी घालणाऱ्या माळ्याकडे धावले आणि गाडी फार तापलीय, जरा मागे नळी धरा, म्हणून त्याला आणलं. माळ्याने ताडपत्रीखाली नळी सोडली.

"इंजिन पुढे असतं ना हो?" बायकोने विचारलं.

"जड गाड्यांचं मागूनही तापतं," शेठ म्हणाले. स्वतःच्या आवाजात त्यांना ते जवळजवळ खरं वाटलं.

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर आडवे झालेले सासरे सुरुवातीला सूचना देत होते, डावीकडून घ्या, हॉर्न वाजवू नका, मान सरळ ठेवा. मग सूचना विरळ झाल्या. मग बंदच झाल्या. वळून पाहिलं तर ते गाढ झोपले होते. ऑपरेशन झाल्यापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, हे सांगताना बायकोचे डोळे भरून आले. शेठलाही भरून आलं, पण वेगळ्या कारणाने. गाडी हळूहळू कडक होत चालली होती. येणारेजाणारे हात करून, पाणी सांडतंय, असं सांगत होते आणि शेठ त्यांना ओळखीचे असल्यासारखा उलट हात करत होते. पुढे घराकडचा खड्ड्यांचा रस्ता होता. त्यांनी गाडी सरळ गाड्या धुणाऱ्याच्या शेडमध्ये घातली.

"बाहेरून धुऊ नका," ते खाली उतरून त्याच्या कानाला लागले. "आतल्या गाद्या भिजवा."

धुणारा त्यांच्याकडे बघतच राहिला. तेवढ्यात बायको उतरली आणि तिने ताडपत्री उचलली. ती गाद्यांकडे पाहू लागली, मग खालच्या ओघळाकडे, मग नवऱ्याकडे. शेठने मनातल्या मनात गाडीचा निरोप घेतला. तिने ओरडायला तोंड उघडलं, पण काचेतून तिला बाबा दिसले, तोंड किंचित उघडं, चेहऱ्यावर कित्येक दिवसांत न दिसलेलं समाधान. तिने तोंड मिटलं.

"कोपऱ्यातली कोरडी राहिलीय," ती कुजबुजली आणि धुणाऱ्याच्या हातातली नळी घेऊन तिने स्वतःच ती भिजवली.

घर आलं, गाडी थांबली आणि सासरे तत्काळ जागे झाले. "थांबलात कशाला?" त्यांनी विचारलं. घरात शेठने त्यांच्यासाठी स्वतःच्या हाताने भरलेली खास गादी घातली होती. तिच्यावर ते दिवसभर टक्क डोळे उघडे ठेवून पडले. स्प्रिंगची घालून पाहिली, फोमची घालून पाहिली. शेवटी दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ते म्हणाले, "जावईबापू, जरा गाडी काढता?" वळणापर्यंत जाईतो ते घोरत होते.

बायकोने त्याच संध्याकाळी निकाल दिला, "खबरदार, ही गाडी विकाल तर." शेठ जिंकले. तेव्हापासून रोज सकाळी गाद्या भिजवायच्या आणि रोज दुपारी भरल्या पोटी, पेंगत्या डोळ्यांनी सासऱ्यांना गावभर फिरवायचं, हा त्यांचा नेम झाला.

सासरे हिंडूफिरू लागले तसे दुपारच्या फेरीसाठी ते आधीच दुकानात येऊन बसू लागले. एकदा एक चांगलं धिप्पाड गिऱ्हाईक आलं. पाठ धरली होती बिचाऱ्याची. त्याने वडीलधारे म्हणून सासऱ्यांनाच विचारलं, पाठीला कुठली गादी चांगली?

"गादीच्या भानगडीत पडू नका," सासरे म्हणाले. "मी जावयाच्या सगळ्या गाद्यांवर झोपून पाहिलंय. झोप लागते ती यांच्या गाडीत."

गिऱ्हाइकाने बाहेर जाऊन गाडीला एक फेरी घातली. परत येऊन तो शेठला म्हणाला, "गादीचं नंतर बघू. दुपारच्या फेरीला मला बसवाल का?"

शेठ नाही म्हणणार होते. पण तेवढ्यात बायकोने शिवणयंत्र थांबवलं आणि त्या माणसाला वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं.

"बसा की," ती म्हणाली. "रोज एक गादी कमी भिजवावी लागेल यांना."