पापणी-रजा आणि हिरव्या गोळ्या

बाळांनो, डोळे सताड उघडे ठेवा आणि कल्पना करा की पापणी मिटायला परवानगी लागते. हसू नका. एका पाणीपुरवठा कचेरीत असाच नियम होता.

तिथे एका मुलीची आई कोरड्या नळांच्या तक्रारी संगणकावर उतरवून घेई. कर्मचारी कामात आहे की नाही हे पाहायला प्रत्येक पडद्यावर वळत्या मानेचा कॅमेरा बसवला होता. डोळे उघडे म्हणजे हजर, मिटले म्हणजे गैरहजर. झोप आणि पापणी यांतला फरक कॅमेऱ्याला शिकवलेला नव्हता; तो खर्च पुढच्या टप्प्यात मंजूर व्हायचा होता. तोवर शंभर पापण्यांमागे अर्धा दिवस रजा कापली जाई.

साहजिकच सगळे टक लावून बसू लागले. साहजिकच सगळ्यांचे डोळे कोरडे पडून चुरचुरू लागले. कचेरीने तत्परतेने समिती नेमली. समितीने कॅमेरा सोडून सर्व कारणे तपासली आणि डोळ्यांत पाणी यावे म्हणून सूक्ष्म शेवाळाच्या हिरव्या गोळ्या मंजूर केल्या. रोज दोन. गुण येईना म्हणून चार. मग आठ. दात हिरवे झाले, ढेकरांना तळ्याचा वास येऊ लागला. डोळे होते तसेच. गोळी घेताना नजर खाली गेली तर तीही गैरहजेरी, म्हणून डबी चाचपडत उघडावी लागे.

अहवाल मात्र उत्तम गेला. त्याच्या छापील नमुन्यात 'आराम पडला' एवढा एकच रकाना होता.

एके दिवशी शाळा लवकर सुटली म्हणून मुलगी आईकडे आली. आईचे डोळे लालबुंद झाले होते.

"आई, मीट ना गं जरा."

"नको गं बाई. वर्षाची रजा संपली माझी. आता मिटले की उद्यापासून घरीच."

"मग मी बसते. सरक."

कॅमेऱ्याला डोळ्यांशी मतलब, चेहऱ्याशी नाही. मुलगी टक लावून बसली आणि आईने भिंतीला टेकून कितीतरी दिवसांनी डोळे मिटले. थोड्याच वेळात मुलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

नेमके तेव्हाच साहेब पाहणीला आले.

"वा! पाणी आलं! गोळी लागू पडली! ही नवीन भरती का?"

आई दचकून उठली. "माझी लेक आहे, साहेब. ती गोळ्या घेत नाही."

"लेक असो नाहीतर नात असो, पाणी आलं ना? नोंद करा. उद्यापासून सगळ्यांना बारा."

मुलीने नाक पुसलं. "काका, आल्यापासून तुम्ही चौदा वेळा पापणी मिटलीत. मी मोजलं."

"मिटणारच. मी अधिकारी आहे. मला कॅमेरा नसतो."

"आणि गोळ्या?"

"मला कशाला? माझे डोळे ठणठणीत आहेत."

चाळीस माणसांनी हे ऐकलं. कुणी मान वळवली नाही. तिथे मी असतो तर मीही मुकाट्याने बाराव्या गोळीसाठी पाणी मागवलं असतं. आणि तुम्हीसुद्धा, शहाणे झालात की तेच कराल.

ती मुलगी अजून शहाणी झाली नव्हती. तिने कॅमेऱ्याची मान धरली आणि साहेबांच्या तोंडाकडे वळवली.