खानझोडे सरांचा कागद

खानझोडे सर कुणाच्याही लग्नाला गेले की जेवणाआधी कागदी रुमाल मागतात. तोंड पुसायला नव्हे. तो रुमाल दोन बोटांत उभा धरून ते शेजारी सिगारेट ओढणाऱ्याला म्हणतात, "देखिए जी, अल्फा कण इतने से काग़ज़ से रुक जाता है। अब बताइए, फेफड़े में काग़ज़ कहाँ लगाएँ?" तो माणूस बहुधा नवरीचा मामा असतो. तो रुमाल घेतो, बोटं पुसतो, "थँक्यू जी" म्हणतो आणि दुसरी पेटवतो.

मुलांनो, आजीच्या व्हिडिओ कॉलवर मागे दिसलेले 'टिश्यूवाले अंकल' ते हेच.

सर मूळचे नागपूरचे. इथल्या, चंदीगडच्या, एका मोठ्या इस्पितळात ते किरणसुरक्षा अधिकारी होते. क्ष-किरणांजवळ काम करणाऱ्यांच्या छातीवर प्लास्टिकचा एक बिल्ला असतो. त्यावरून अंगावर किती किरण पडले ते कळतं. असे बिल्ले तपासण्यात सरांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर तपासायला कोणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी सिगारेटवाल्यांना धरलं.

त्यांचं म्हणणं खरं आहे बरं का. तंबाखूच्या पानावर बारीक चिकट लव असते. हवेतून, खतातून आलेलं किरणोत्सारी शिसं तिथे चिकटतं आणि त्याचं पुढे अल्फा कण सोडणारं पोलोनियम होतं. पान धुतलं तरी सगळं जात नाही. मग ते धुराबरोबर थेट छातीत. "फुफ्फुस म्हणजे चंदीगड नाही, वहिनी," सर सांगतात. "तिथे सरळ रस्ते नाहीत. नळीला फाटे फुटतात, अन् प्रत्येक फाट्यावर हा कचरा बसते." हे त्यांनी मी पुदिना निवडत असताना सांगितलं. पुढे आठवडाभर मी पुदिना उगीचच दोनदा धूत होते.

आमच्या बागेभोवती मराठी घरं तीनच: आमचं, सरांचं आणि कर्नल शिर्क्यांचं. कर्नल साताऱ्याचे, एकटे. संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसून धूर सोडायचे आणि सर समोर उभे राहून भांडायचे.

"मास्तर, सीमेवर गोळी लागली नाही मला. तुमचे कण काय लागतायत?"

"गोळी बाहेरून येते जी. हे तुम्ही स्वतः आत ओढून राह्यले."

गेल्या हिवाळ्यात कर्नलांचा खोकला वाढला. सेक्टर बत्तीसच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की सिगारेट सुटली नाही तर पुढचा हिवाळा कठीण आहे. कर्नलांनी डॉक्टरांकडे जाणंच सोडलं.

त्या दिवसापासून सरांनी त्यांच्यापुढे रुमाल धरणं बंद केलं. घरातून एक जुना बिल्ला आणून त्यांच्या कोटावर लावला. "दर रविवारी रीडिंग घेईन. आता मी नाही बोलणार, हा बोलेल."

डॉक्टरांना न जुमानणारा हा माणूस कोटावर लावलेल्या वस्तूपुढे मात्र नमला. फौजी सवय. रोज बिल्ला पुसायचा, सरळ करायचा. शेजारच्या ग्रेवालबाईंनी विचारलं, "कर्नल साब, नया मेडल?" तर म्हणाले, "जी. पोलोनियम के मोर्चे का."

रविवारी दोघं आमच्याकडे चहाला यायचे. सर बिल्ला घेऊन खिडकीशी जायचे, आमच्याकडे पाठ करून उघडायचे आणि म्हणायचे, "हं. वाढलं." कर्नल नव्या जवानासारखी मान खाली घालायचे. पण बाकावरचा धूर खरोखर कमी होत गेला.

मला एक गोष्ट खटकत होती. एका रविवारी सर कप ठेवायला स्वयंपाकघरात आले, तेव्हा मी हळूच विचारलं, "सर, अल्फा कण जर कागदाला अडतो, तर तुमच्या त्या प्लास्टिकच्या डबीत शिरतो कसा?"

सरांनी कप पुन्हा विसळला. स्वच्छ होता तो.

"शिरत नाही, वहिनी. अन् शिरून करणार काय? डबी रिकामी आहे. आतली किरण मोजणारी चकती इस्पितळानं कधीच काढून घेतली."

"मग हे सगळं कशासाठी?"

"पोरं बंगलोरला. नातवंडांशी मराठीत बोललो, तर ते म्हणतात, दादू, हिंदी में बोलो ना." त्यांनी कप पालथा घातला. "हा कर्नल गेला, तर मी मराठीत भांडू कोणाशी?"

मी कुणाला काही बोलले नाही. तुमच्या आजोबांनाही नाही.

पुढच्या रविवारी सर नेहमीसारखे खिडकीशी गेले. मी चहाचा ट्रे घेऊन त्यांच्या मागेच होते, म्हणून मला दिसलं. डबी रिकामी नव्हती. आत कागदी रुमालाचा एक तुकडा होता, कात्रीने मापात कापून नीट बसवलेला.

तो सरांनी ठेवलेला नव्हता; ते चमकून वळले. मागे कर्नल वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले होते. ज्या खिशात सिगारेटचं पाकीट असायचं, तिथून बडीशेपेची पुडी डोकावत होती.

"काय मास्तर, रीडिंग काय म्हणतंय?"

सरांनी डबी बंद केली. कागद आतच राहू दिला.

"कमी आहे," ते म्हणाले. "पण भरवसा नाही जी. पुढच्या रविवारी पुन्हा पाहावं लागेल."

"पाहा की," कर्नल पेपरामागून म्हणाले. "मी कुठं जातोय?"