थंडीची झेरॉक्स

आमचे शेजारी दगडूनाना पाटील दिवाळीचा फराळ संपला की बूट घालून झोपतात. पायात मोजे, त्यावर बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या, डोक्याला माकडटोपी आणि वर चादर. त्यांची खाट पुढच्या खोलीत खिडकीला लागून आहे, त्यामुळे ही काही गुप्त माहिती नाही. सारी गल्ली जाता-येता ते बूट बघते. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "थंडीत माणूस धावायला का उठत नाही? बूट लांब असतात म्हणून. माझे बूट माझ्याआधी तयार असतात, मला फक्त त्यांच्या मागे जायचं असतं."

सुरतेच्या दिंडोलीतल्या आमच्या रो-हाउसची आणि त्यांची भिंत एकच आहे. बिल्डरने ती बहुधा पापडाची बांधली असावी. नानांना शिंक आली की आमच्या फोटोतले आजोबा हलतात. माई, म्हणजे नानांची बायको, होत्या तेव्हा दोघांचं अहिराणीतलं भांडण या भिंतीतून ऐकत आम्ही सकाळचा चहा घ्यायचो. आम्ही साताऱ्याकडचे, निम्मं कळायचं नाही, पण चहाला चव यायची. माईंना जाऊन दोन हिवाळे झाले.

सुरतेच्या हिवाळ्याबद्दल इथेच सांगून टाकतो. इथे पंखा पाचवरून तीनवर आला की हिवाळा जाहीर होतो. दोनवर आला की पेट्यांतले स्वेटर निघतात आणि लोक गरम पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, चघळत एकमेकांना 'बहु ठंडी छे' असं काळजीच्या सुरात सांगतात. नानांना हे बघवत नाही. "ही काय थंडी? ही थंडीची झेरॉक्स. ओरिजनल आमच्या खानदेशात." पण या झेरॉक्ससाठी स्वतः मात्र तीन स्वेटर चढवतात, आणि सगळ्यांत आत छातीला गुजराती वर्तमानपत्र. या अवतारात ते पहाटे निघाले की वाटेतल्या नवागामची कुत्री भुंकत नाहीत. समोरून येतंय ते नेमकं काय आहे, यावर त्यांचं एकमत होत नाही.

नानांचं धावणंही बघण्यासारखं. पाय धावतात, हात धावतात, बाकीचे नाना चालतात. सायकल हातात धरून पायी चाललेला दूधवाला त्यांना मागे टाकून जातो, वर थांबून 'नाना, येऊ दे' असा धीर देतो. नाना त्याला म्हणतात, "तू व्हय पुढे, मी वेग राखून ठेवलाय."

पण गडी खरा धावणाऱ्यांतला नव्हे, धाववणाऱ्यांतला. दर वर्षी दिवाळीनंतर ते गल्लीतली सात-आठ माणसं गोळा करतात. पंखा दोनवर येईपर्यंत त्यातला मी एकटा उरतो, आणि तोही स्वखुशीने नाही. मी उठलो नाही तर नाना माझ्या खिडकीखाली उभे राहून स्टीलच्या ग्लासावर चमचा वाजवतात आणि अत्यंत हळव्या आवाजात, पण तीन गल्ल्यांना ऐकू जाईल असं विचारतात, "जाधव साहेब आजारी आहेत का?" एकदा मी हट्टाने पडून राहिलो. तासाभरात समोरच्या काकी काढा घेऊन आल्या, सोसायटीचा सेक्रेटरी शहाळं घेऊन आला, आणि दुपारी बँकेत मॅनेजरने माझी खुर्ची पंख्याखालून हलवली. त्यापेक्षा धावणं सोपं.

आमचा रस्ता ठरलेला. दिंडोलीतून निघायचं, नवागामातून उधना स्टेशनच्या पुलापर्यंत. पुलाशी आलो की नाना मला थांबवायचे. "तू इथून वळ, भाऊ. पुढचा राउंड जिल्हा लेव्हलचा आहे, तुला झेपणार नाही." मला वळायला कधीच दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

तासाभराने नाना परतायचे आणि गल्लीत बातमीपत्र सुरू व्हायचं. आज चाळीसगावला पाणी हाताला चावतंय. पाचोऱ्याला धुकं एवढं, की माणूस स्वतःच्याच म्हशीला आडवा गेला. अमळनेरला गहू खूश आहे. नानांचा फोन बटणांचा, घरी मराठी पेपर येत नाही, मग ही खबर कुठून येते? मी विचारलं, की टोपी सारखी करत म्हणायचे, "धावलं की मेंदू मोकळा होतो. आपोआप कळतं."

या जानेवारीत, उतराणच्या, म्हणजे संक्रांतीच्या, पतंगांच्या आधी, नानांना खोकला झाला. त्यांचा मुलगा संजय साड्यांच्या मार्केटमध्ये आहे, बापावर जीव असलेला पोरगा. त्याने सरळ धावायचं मशीन आणून हॉलमध्ये ठेवलं. बाहेर थंडी, धूर, गळा कापणारा मांजा. आता पप्पा घरातच धावतील, म्हणाला. नाना मुलाचं मन मोडत नाहीत. ते तिन्ही स्वेटर घालून मशीनवर चढले. भिंतीतून मला ऐकू यायचं. बराच वेळ धपधप व्हायची, मग नाना कुठेही न पोहोचता उतरायचे.

बातमीपत्र बंद पडलं. चाळीसगावचं पाणी चावतंय की नाही, कळायला मार्ग राहिला नाही. मलाही बरं वाटायला हवं होतं, झोप मिळत होती. पण आठवडाभराने एका रात्री खिडकीवरून जाताना सहज आत नजर गेली. नाना झोपले होते आणि बूट खाटेखाली होते. चादरीतून त्यांचे नुसते पाय बाहेर आले होते.

दुसऱ्या पहाटे मी आमच्या स्वयंपाकघरातला ग्लास आणि चमचा घेऊन त्यांच्या खिडकीखाली गेलो. वाजवला, आणि जमेल तितक्या हळव्या आवाजात विचारलं, "दगडूनाना आजारी आहेत का?"

आधी तीन घरांतले दिवे लागले. मग नानांचा. मग दाराची कडी वाजली आणि नाना बाहेर आले, हातात बूट घेऊन. पायरीवर बसून नाड्या बांधताना नाक ओढत होते. खोकल्याने असेल.

पुलाशी आल्यावर त्यांनी सवयीने हात वर केला. मी म्हटलं, आज मी जिल्हा लेव्हलला येणार. नानांनी माझ्याकडे पाहिलं, टोपी सारखी केली आणि चालू लागले. धावले नाहीत.

पुढचा राउंड अगदी छोटा निघाला. पूल उतरायचा आणि स्टेशनच्या दारापाशी, रिक्षांच्या बाजूच्या बाकावर बसायचं. थोड्या वेळाने भुसावळकडची गाडी आली. कानाला मफलर, अंगावर शाल, हातात भरताच्या वांग्यांच्या पिशव्या, अशी माणसं बाहेर पडू लागली. नाना उठले. गर्दीतून एक म्हातारा शोधून त्याच्यापुढे उभे राहिले.

"कोणतं गाव, भाऊ?"

"पाचोरा."

"थंडी कशी शे?"

म्हाताऱ्याने पिशवी खाली ठेवली. "भलती शे, बाबा," तो म्हणाला, आणि पुढे दोघं गव्हाबद्दल, धुक्याबद्दल, कुणाच्या तरी आंधळ्या बैलाबद्दल इतक्या रंगात बोलले, की रिक्षावाले हॉर्न वाजवून दमले. भिंतीतून यायचा तोच सूर, तीच ओढ. माझ्या चहाची चव तिथे उधना स्टेशनबाहेर उभी होती.

बाकावर परत बसल्यावर नाना म्हणाले, "गावात आता आपलं कोणी नाही. घरी सून चांगली, नातवंडं चांगली. ती गुजरातीत बोलतात, हिंदीत हसतात. तक्रार नाही. पण हे विचारायला माणूस लागतो ना."

मी विचारलं, मग धावायचं कशाला, सरळ रिक्षाने यावं.

"म्हातारा रोज नुसता स्टेशनवर येऊन बसला तर पोरगा डॉक्टरकडे नेईल. धावत आला तर चारचौघांत कौतुक करतो."

उन्हाळ्यात का येत नाहीत, तेही त्यांनीच सांगितलं. ऊन सगळीकडे सारखंच, त्यात विचारायचं काय? थंडी मात्र गावागावाची वेगळी.

त्या संध्याकाळी मी संजयला त्याच्या घरी गाठलं आणि आयुष्यात कधी मारली नव्हती एवढी मोठी थाप मारली. डॉक्टरांनी मला धावायला सांगितलंय. तेही उघड्यावर, तेही थंडीत, तेही अनुभवी माणसाच्या सोबतीने. नाना नसतील तर माझं काही खरं नाही. संजय रोज व्यापाऱ्यांच्या थापा ऐकतो, त्यामुळे मी वजन वाढवायला साखर आणि रक्तदाबही घातला. त्याचा चेहरा पडला. "काका, आधी सांगायचं ना," म्हणाला. नानांना तोंडाला रुमाल बांधून बाहेर जायची परवानगी मिळाली. पापडाच्या भिंतीतून हे सगळं माझ्या बायकोने ऐकलं आणि तेव्हापासून माझ्या ताटात रोज उकडलेला दुधी असतो. मशीनवर सध्या संजयच्या मुलांचे गणवेश वाळतात.

परवा खानदेशात धुकं होतं म्हणून गाडी लेट झाली. बाक रिकामा, रिक्षावाले पेंगत होते. नाना रुळांच्या दिशेने बघत तळवे चोळत बसले होते. उशीर झाला तर घरी चौकशी होते, म्हणून आता निघायलाच हवं होतं, आणि त्यांच्याने निघवत नव्हतं. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि माझ्या सातारी तोंडाने विचारलं,

"नाना, थंडी कशी शे?"

नानांनी तळवे चोळणं थांबवलं. मग टोपी सारखी केली.

"झेरॉक्स शे," म्हणाले. "पन चाली जाई."

आणि सरकून त्यांनी मला बाकावर जागा करून दिली.