सज्ञान गुडघा

आमच्या केंद्रात माणसाचं वय गुडघ्यावरून ठरवलं जातं. आश्रयाला आलेल्या मुलांकडे बहुधा कागद नसतात, पण गुडघे दोन असतात, आणि त्यातला एक आम्हाला पुरतो. यंत्रात वीस मिनिटं न हलता निजायचं, एवढंच. क्ष-किरण नाहीत, सुई नाही, दुखत नाही. ‘या तपासणीने कोणताही अपाय होत नाही’ असं माहितीपत्रकात पाच भाषांत छापलं आहे. ते वाक्य माझंच, आणि मला त्याचा बरेच दिवस अभिमान होता.

मी तिथला डॉक्टर, स्टेलान. वाढत्या वयात गुडघ्याच्या हाडाशी एक रेघ दिसते. ती मिटली की माणूस सज्ञान. फॉर्मवर दोन चौकोन आहेत: ‘अठरा पूर्ण’ आणि ‘अठराच्या आत’. ‘सांगता येत नाही’ असा तिसरा चौकोन असावा, असं मी एकदा सुचवलं होतं. त्यावर तीन बैठका झाल्या, दालचिनीचे बन संपले, आणि अशा चौकोनामुळे अनिश्चितता वाढेल यावर सर्वांचं एकमत झालं. सर्वांत मीही होतो. आमच्या स्वीडनमध्ये एकमत मोडणं हे जेवणाच्या टेबलावर नाक शिंकरण्याइतकं वाईट दिसतं.

मार्चमध्ये एरिट्रियाची लुवाम तपासणीला आली. सोळा वर्षांची आहे म्हणाली. रेघ मिटलेली होती. मी ‘अठरा पूर्ण’वर फुली मारली आणि जेवायला गेलो.

आठवड्याभराने गुनवोर माझ्या खोलीत आली. ही निवृत्त शिक्षिका, लुवामची सरकारने नेमलेली पालक. तिने ओला कोटही काढला नाही.

“स्टेलान, पोर नववीत शिकतेय. आता तिला शाळेतून काढून उत्तरेला मोठ्या माणसांच्या छावणीत धाडतायत. एकदा मोठी ठरली की देशाबाहेर काढायलाही मोकळे.”

“गुनवोर, मी फक्त गुडघा बघतो. निर्णय स्थलांतर खातं घेतं.”

“आणि खातं म्हणतं, आम्ही फक्त डॉक्टरांची फुली बघतो. मुलींची रेघ लवकर मिटते, हे तुला ठाऊक नाही?”

“ठाऊक आहे की. तळटिपेत लिहिलंय तसं.”

“कोण वाचतं तुझी तळटीप?”

“तू तिची पालक आहेस,” मी मऊपणे म्हणालो. “तुझं म्हणणं पक्षपाती धरावं लागतं.” मऊपणे बोलणं मला छान जमतं. ती ओल्या कोटानेच निघून गेली.

त्याच महिन्यात एका वर्तमानपत्राने लिहिलं, की आम्ही परक्या मुलांना वेगळी वागणूक देतो. हे आम्हाला फार लागलं. खुनाचा आरोप आम्ही एक वेळ सोसू, भेदभावाचा नाही. मग एकमताने ठरलं, की कर्मचाऱ्यांनी आपापली मुलंही यंत्रात निजवायची, नावं झाकून. माझी मुलगी टूवाही गेली, सिनेमाचं तिकीट कबूल करून घेऊन. चौदा गुडघे मी निःपक्षपातीपणे वाचले.

दहा दिवसांनी घरी पत्र आलं. टूवा सज्ञान आहे. फुली माझी, सही माझी. नावं माझ्यापासून झाकली होती, संगणकापासून नाही, आणि आमची यंत्रणा इतकी चोख की निकाल त्याच दिवशी सगळ्या खात्यांत पोहोचला होता. मुलांच्या दंतवैद्याने तिची वेळ रद्द केली. शाळेने तिला प्रौढ शिक्षणवर्गाचा पत्ता कळवला.

मी आमच्या प्रमुख मायब्रितकडे धावलो. “टूवा सोळाची आहे. तिची नाळ मी कापलीय.”

“तू बाप आहेस, स्टेलान. तुझं म्हणणं पक्षपाती धरावं लागतं.” असं म्हणत तिने मला कॉफी ओतली आणि टूवाचा जन्मक्रमांक, इथल्या प्रत्येकाला जन्मतारखेवरून मिळणारा, पडद्यावर काढला. “अरे, इथे तारीखच आहे की. म्हणजे गुडघा चुकला.”

अकरा मिनिटांत माझी मुलगी पुन्हा लहान झाली. कॉफी अजून गरम होती.

“मग लुवामचाही चुकला असेल,” मी म्हणालो.

“तिचा जन्मक्रमांक कुठाय? क्रमांकच नाही, तर चूक सिद्ध कशी करणार तू?”

मी कॉफी संपवली. चाचणीचा निष्कर्ष मीच लिहिला: पद्धत विश्वासार्ह आहे, मात्र ज्यांचं वय माहीत आहे त्यांच्यावर ती वापरू नये. यावरही एकमत झालं.

लुवाम सोमवारच्या बसने उत्तरेला गेली. गुनवोर बसपर्यंत तिची वह्यांची पिशवी घेऊन गेली होती, असं कळलं. मला लाज वाटली. राजीनामा द्यावा इतकी नाही, पण वाटली.

संध्याकाळी माझ्याकडून लुवामबद्दल ऐकून टूवाने विचारलं, “बाबा, तिचा आणि माझा गुडघा सारखाच होता ना?”

“हो.”

“मग ती का गेली?”

“विषय गुंतागुंतीचा आहे,” मी म्हणालो.

टूवाला ते अजिबात पटलं नाही, पण ती सोळाचीच आहे. तुम्हाला मात्र पटलं असेल. तुमचे कागद कपाटात नीट ठेवलेले असणार.