शून्यरावांना बेचाळीस मिळाले

"मशीन खोटं बोलत नाही, माणूस बोलतो!"

हे वाक्य शून्यरावांनी वीज केंद्राच्या फाटकावर इतक्या वेळा ऐकवलं होतं, की रखवालदार ते झोपेतसुद्धा म्हणायचा. शून्यराव बॉयलरचे ऑपरेटर. खरं नाव हजेरीपटाखेरीज कुठेच उरलेलं नाही. पाळीवर जाण्याआधी फाटकाशेजारच्या खोलीत नळीत फुंकायचं, दारूचा अंश असेल तर आकडा येतो, नसेल तर शून्य. नियम आल्यापासूनच्या अकरा वर्षांत ह्यांचा शून्याखेरीज आकडा आला नाही, म्हणून शून्यराव. आणि ते ह्या नावावर असे खूश, जणू शून्याचा शोध त्यांनीच लावला!

नियम चांगलाच आहे हो. झिंगलेल्या माणसाच्या हाती बॉयलर देऊ नये, हे शेंबड्या पोरालाही कळतं. फक्त हा नियम पायी येणाऱ्यांना होता. साहेबांची गाडी आली की फाटक आपोआप उघडायचं. गाडीला कोण फुंकायला सांगणार?

गेल्या महिन्यात शून्यरावांच्या सख्ख्या मेहुण्याचा, टर्बाइनवरच्या फिटरचा, आकडा अकरा आला.

"दाजी, खोकल्याचं औषध घेतलंय!" मेहुणा कळवळून म्हणाला. "पंधरा मिनिटांनी परत फुंकतो. नियमात आहे तसं!"

पण दाजी पडले सुरक्षा समितीवर! छाती काढून म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही. मग तेच तेच दोनदा कशाला विचारायचं?"

मेहुणा आठ दिवस घरी बसला. आणि त्या दिवसापासून बायको शून्यरावांशी फक्त भांड्यांच्या आवाजात बोलू लागली. ताट आदळलं की 'जेवा', झाकण आदळलं की 'संपलं'.

अशात नवं मशीन आलं. मोठे साहेब उद्घाटन करणार आणि पहिली फुंकर शून्यरावांची! बढतीच्या यादीतही त्यांचं नाव वर होतं. शून्यरावांनी कामाच्या डांगरीला कडक इस्त्री केली. मग एक भयंकर विचार मनात आला. साहेबांच्या नाकासमोर फुंकायचं आणि तोंडाला वास आला तर? तडक औषधांच्या दुकानात जाऊन गुळण्यांची हिरवीगार बाटली आणली. दुकानदार म्हणाला, "अर्धं झाकण पुरे." शून्यरावांनी हिशेब केला: अर्ध्या झाकणाने तोंड स्वच्छ होतं, तर गालभर घेतल्यावर काय आरशासारखं होईल!

सकाळी फाटकामागच्या मोरीत त्यांनी गालभर गुळणी केली, डोळ्यांतून पाणी काढलं, बाटली खिशात टाकली आणि नवरदेवासारखे मशीनसमोर येऊन उभे राहिले.

फूऽऽऽ!

टाळ्या सुरू झाल्या. आकडा पाहून मशीनवर बसलेल्या दवाखान्याच्या सिस्टरचा चेहरा पडला आणि टाळ्या एकेक करून गळाल्या.

"किती?" साहेबांनी विचारलं.

"बेचाळीस."

"वा! शाबास!" साहेबांनी शून्यरावांची पाठ थोपटली. "पहिल्याच फटक्यात पास!"

जन्मात कधी फुंकलं असेल तर माहीत असणार ना! रखवालदाराने कानात सांगितलं तेव्हा साहेबांचा हात पाठीवरून असा उडाला, जणू पाठ नव्हे, तवा होता.

"काही प्यायलात का?" सिस्टर म्हणाली.

"थेंबही नाही! शपथेवर सांगतो!"

"मग पंधरा मिनिटं बसा. काही खायचं नाही, प्यायचं नाही. मग परत फुंका."

परत फुंकायचं! मेहुण्याला नाकारलेली दुसरी फुंकर शून्यरावांनी दोन्ही हातांनी झेलली. पण बाकावर बसल्या बसल्या त्यांना पुढचं सगळं दिसू लागलं. दुसऱ्यांदाही आकडा आला, तर निलंबन, आणि बॉयलर चालवायचा परवाना जप्त! बावीस वर्षांची नोकरी एका फुंकरीत विझणार! भीतीने तोंड कोरडं पडलं आणि कोरड्या तोंडाला वास येतो म्हणतात. मग? चौदाव्या मिनिटाला मोरीत जाऊन त्यांनी पुन्हा गालभर गुळणी केली. गुळणी म्हणजे काही खाणं नव्हे, पिणं नव्हे. थुंकलीच की ती!

फूऽऽऽ!

"अडुसष्ट," सिस्टर पुटपुटली.

"बसल्या जागी चढतेय की ह्यांना!" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"साहेब, मी कधी वासही घेतला नाही हो! मशीन चुकतंय!"

साहेब भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "काय लिहिलंय तिथे?"

तिथे पाटी होती. मशीन खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. खाली सौजन्य म्हणून शून्यरावांचंच नाव!

तेवढ्यात रांगेतून मेहुणा पुढे आला. सगळ्यांना वाटलं, आता हा उट्टं काढणार. शून्यरावांनाही तेच वाटलं. मेहुण्याच्या जागी ते असते, तर त्यांनी काढलंच असतं!

"दाजी, खिशात काय आहे?"

"काही नाही रे... गुळणीचं औषध."

"आणा इकडे. आठ दिवस घरी बसून मी घरातल्या झाडून सगळ्या बाटल्यांची लेबलं वाचलीत. दुसरा धंदाच नव्हता!" त्याने बाटली उजेडात धरली. "हे बघा. अल्कोहोल, एकवीस टक्के."

रोज शंभर व्हॉल्व्हवरच्या पाट्या वाचणारा माणूस, पण बाटलीवरची ओळ वाचली नाही!

"ते काही असो," साहेब म्हणाले. "नियमात दोनच फुंकरी. तिसरी नाही."

"मग तुम्हीच खात्री करा ना, साहेब," मेहुणा म्हणाला. "एक गुळणी करा, फुंका. खोटं निघालं तर दाजींबरोबर मलाही घरी पाठवा."

दीडशे माणसं बघतायत. साहेब मागे कसे हटणार? गुळणी केली. फुंकलं.

"एक्काहत्तर!" सिस्टरने सांगितलं आणि वहीत लिहूनही टाकलं.

ह्या टाळ्या मात्र गळाल्या नाहीत!

"अहो, ते कशाला लिहिलंत? खोडा!"

"खोडता येत नाही, साहेब. प्रत्येक आकडा लिहायचा. तुमच्याच सहीचा आदेश आहे."

आणि काय चमत्कार! गुळणीचा आकडा धरायचा नाही आणि तिसऱ्या फुंकरीची सोय नियमात असायलाच हवी, हे साहेबांना एका क्षणात पटलं. मग साहेब आणि शून्यराव एकाच बाकावर पंधरा मिनिटं तोंड मिटून बसले. राखणीला मेहुणा. बाटली त्याच्या खिशात.

दोघांनाही शून्य.

शून्यरावांनी खुर्चीवर चढून भिंतीवरची पाटी स्वतः उतरवली. सगळ्यांदेखत म्हणाले, "माझ्या मेहुण्याला दुसरी फुंकर मी नाकारली. चूक माझी. त्याच्या नावावरचा डाग आजच्या आज पुसा." आवाज थोडा फाटला, पण पुदिन्याचा वास मात्र रांगेच्या टोकापर्यंत गेला.

साहेबांची गाडी आता फाटकावर थांबते. थांबावंच लागतं, कारण दीडशे माणसं वळून बघतात.

संध्याकाळी शून्यरावांनी बायकोला अथपासून इतिपर्यंत सांगितलं. ताट अलगद टेकवत ती महिन्यात पहिल्यांदा तोंडाने बोलली, "म्हणजे माझा भाऊ खरं बोलत होता."

"हो."

"आणि तुम्हीही."

"हो ना!" शून्यराव फुलले. झालं गेलं, पण नाव तरी राहिलं!

दुसऱ्या दिवशी ते ताठ मानेने फाटकावर गेले, फुंकलं. शून्य! ऐटीत त्यांनी सगळीकडे पाहिलं. रखवालदाराने वहीतून डोकंही वर केलं नाही.

"या, बेचाळीसराव," तो म्हणाला. "पुढचा!"