तेजरामजी आणि कळलावीची काच

वाऱ्याला दम भरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

"हालू नोका!" तेजरामजी फोटोवाले ओरडायचे. समोर नवरा-नवरी असोत, शाळेचे हेडमास्तर असोत की डोंगरावरची वेल, हुकूम एकच. वारा सुटला की काळ्या कापडाखालून डोकं बाहेर काढून ते त्यालाही फैलावर घ्यायचे. "काऊन रे, तुले आत्ताच येनं होतं का?" आणि गंमत म्हणजे वारा दोन-चार मिनिटांनी पडायचाही. मग ते माझ्याकडे अशा नजरेनं पाहायचे, की त्यांच्यावर अविश्वास दाखवायची माझी हिंमत होत नसे.

मी तेव्हा आमगाव स्टेशनावर पार्सलबाबू होतो. भंडाऱ्याहून बदली होऊन आलो होतो. घरात मी, बायको आणि आई. तेजरामजींची ओळख झाली ती पार्सलमुळेच. त्या काळी फोटो काचेवर निघत. एक काच म्हणजे एक फोटो, चुकला की काच वाया. त्या काचांची पेटी नागपूरहून यायची. ती आली, की हमालाला ते हातही लावू देत नसत. स्वतः पोटाशी धरून, पाऊल मोजत, रूळ ओलांडून घरी न्यायचे. वाटेत कोणी रामराम केला तरी मान हलवत नसत.

धंदा तसा बरा होता. सबंध पंचक्रोशीत फोटोवाला एकच. पण पावसाळा अर्धा सरला, पोळा जवळ आला, की हा गृहस्थ बिघडायचा. दुकानाला कुलूप आणि वर खडूनं लिहिलेली पाटी: "मालक डोंगरावर. फुलं सुकल्यावर भेटतील." गिऱ्हाइकं शिव्या देत परत जायची.

डोंगर म्हणजे दरेकशाचा, आमच्यापासून गाडीनं थोड्याच अंतरावर. आणि फूल म्हणजे कळलावी. ज्याच्या घरात हे फूल येतं त्या घरात भांडण लागतं, असं आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. त्यामुळे त्यांचे हे फोटो कोणी फुकटसुद्धा घेत नसे. मला त्यांनी एक प्रेमानं दिला होता. बायकोनं तो उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. "पार्सल ऑफिसात लावा," म्हणाली, "तिथं तशीही भांडणं चालूच असतात." मी लावला. फारसा फरक पडला नाही.

दुसरी अडचण अशी, की फूल लालभडक आणि फोटोत यायचं कोळशासारखं काळं. मी एकदा हे बोलून दाखवलं.

"काचेले लाल दिसतच नाई जी," तेजरामजी शांतपणे म्हणाले. "लालापुरती आंधळी हाये थे. म्हनून तं मी लाल कंदिलाच्या उजेडात तिले धुतो."

"मग तिला लाल फूल दाखवता कशाला?"

"तिले दिसत नाई, मले तं दिसते ना!" आणि मग दिवसभर बसून, चार केसांच्या कुंचल्यानं, ते कागदावरच्या काळ्या पाकळ्या एकेक करून लाल करायचे.

पण खरा ध्यास होता तो दिवस पकडण्याचा. कळलावी उमलते पिवळी, मग केशरी होते, मग लाल. "खाली लाल, मधी केसरी, वर कळी," हा त्यांचा मंत्र. एकाच वेलीवर तिन्ही सापडतील तोच फोटोचा दिवस. आदल्या दिवशी ती कच्ची, दुसऱ्या दिवशी बासी. हा दिवस कळावा म्हणून त्यांनी डोंगराखालच्या सोमा गुराख्याला धरून ठेवलं होतं. सोमा रोज एक डहाळी तोडून मोळ्या विकायला येणाऱ्या बायांच्या हाती गाडीनं पाठवायचा. ती डहाळी माझ्या पार्सलच्या टेबलावर ठेवून तेजरामजी डॉक्टरसारखे न्याहाळायचे. "नाई. दोन दिस अजून." आणि डहाळी तिथंच टाकून निघून जायचे. घरी जाताना ती मी रुळापलीकडे फेकून द्यायचो. उगाच कशाला विषाची परीक्षा!

या सगळ्यात त्यांना साथ होती ती माझ्या आईची. ते येता-जाता आमच्या ओट्यावर टेकायचे, आई चहा करायची आणि कळलावीची बातमी विचारायची. फक्त एका बाबतीत दोघांचं जमत नसे. तेजरामजी म्हणायचे, "माय, एक फोटो काढू द्या." आई म्हणायची, "नोको रे बापू. फोटू काढला का मानूस सरते." तीन वर्षं हेच चाललं होतं. मीही खूप सांगून पाहिलं. आईचा एकही फोटो नव्हता, तिला दम लागायला लागला होता, आणि ही गोष्ट मला मनातल्या मनात खात होती.

मग लढाई आली आणि काचा येईनाशा झाल्या. तेजरामजी रोज सकाळी खिडकीशी यायचे. "आली का जी माही पेटी?" मी नाही म्हणून मान हलवायचो. असं वर्ष गेलं. शेवटी त्यांच्याकडे एकच काच उरली. तिच्यावर सगळ्या गावाचा डोळा. एक मालगुजार, म्हणजे आमच्याकडचे जमीनदार, मुलाच्या लग्नासाठी बग्गी घेऊन स्वतः दुकानात आले, तेव्हा मी तिथंच होतो.

"काच एकच हाये अना थे बुक हाये," तेजरामजी म्हणाले.

"कोनाच्या नावानं?"

"कळलावीच्या."

मालगुजारांचा चेहरा पाहून मी हळूच बाहेर सटकलो. त्या दिवसापासून मालगुजारांच्या गोतावळ्यातलं एकही लग्न तेजरामजींकडे गेलं नाही. पण काच शाबूत राहिली.

पोळ्याच्या दोन दिवस आधी डहाळी आली. खाली लाल, मध्ये केशरी, वर कळी. तेजरामजी कॅमेरा आणायला धावले. मी साहेबांकडून सुटी मागून घेतली, कारण कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं धरायला माणूस हवा होता. घरी निरोप सांगायला गेलो, तर तेजरामजींकडून बातमी आधीच पोहोचलेली आणि आई लुगडं बदलून ओट्यावर तयार.

"एवढं काय हाये थ्या फुलात," ती म्हणाली, "मले बी पाहू दे एकदा."

दरेकशाला उतरलो. आईला टेकडी चढताना चारदा बसावं लागलं. तेजरामजी दर वेळी थांबले, हे विशेष. एरवी ते त्या दिवशी कोणासाठी थांबत नसत. वर पोहोचलो आणि मला पहिल्यांदा समजलं, हा माणूस वेडा का होतो ते. बांबूच्या बेटांवरून वेली चढल्या होत्या आणि सगळी उतरण पेटल्यासारखी दिसत होती. मी बायकोच्या भीतीनं आजवर ही फुलं रुळापलीकडे फेकली होती, याची मला लाज वाटली.

तेजरामजींनी सगळ्यात भरलेली वेल निवडली. तिकाटणं रोवलं, काच चढवली, कापडात डोकं घातलं. वारा होता. "हालू नोका!" वारा ऐकेना. आम्ही थांबलो. एवढ्यात आई फिरत फिरत बाजूच्या वेलीखाली एका दगडावर टेकली. धापा टाकत होती, पण हसत होती. डोक्यावर, खांद्यापाशी, सगळीकडे फुलं. तिनं वर पाहिलं, मग आमच्याकडे.

"एवढ्या फुलात मी बी बरी दिसत असन, नाई?" ती म्हणाली. "काढ रे बापू. माहाच काढून टाक."

मी तेजरामजींकडे पाहू शकलो नाही. वर्षभर जपलेली काच, तुटलेली गिऱ्हाइकं, आणि नेमका हा दिवस. मी तोंड उघडून म्हणणार होतो, की आई, पुढच्या वेळी.

त्याच क्षणी वारा पडला. पान हलत नव्हतं. तेजरामजींनी एकदा त्यांच्या वेलीकडे पाहिलं, आणि दोन्ही हातांनी कॅमेरा उचलून आईकडे फिरवला.

मी वाट पाहत होतो ती त्यांच्या आरोळीची. ती आलीच नाही. त्यांनी भिंगावरचं टोपण काढलं आणि हळू आवाजात मोजलं, "एक, दोन, तीन." तेवढ्या वेळात आईनं मला उन्हात उभा राहू नकोस म्हणून सांगितलं, पदर सारखा केला आणि एका फुलाकडे वळून पाहिलं. टोपण परत बसलं. काच संपली.

परतताना गाडीत आई झोपली होती. मी म्हणालो, "तेजरामजी, ती सारखी हलत होती. तुम्ही बोलला का नाहीत?"

ते खिडकीबाहेर धानाच्या बांध्या पाहत होते.

"मी हे काम नवीनच शिकलो होतो," ते म्हणाले. "पयली काच मायच्या नावानं लावली. थे खुर्चीवर बसली, पन हात कायचा थांबते! मी खेकसलो, हालू नोको म्हनून. थे म्हने, चुलीवर भात हाये बापू, तुह्या फोटोपायी जरून जाईन. अना उठून गेली. मी म्हटलं, उद्या काढू. थ्या सालीच हैज्याची साथ आली."

मी झोपलेल्या आईकडे पाहिलं.

"काच हाये माह्यापाशी अजून," ते म्हणाले. "खुर्ची दिसते. अना पदराची एक रेघ."

आठ दिवसांनी त्यांनी फोटो आणून दिला. आईचा चेहरा थोडा पुसटला होता, जसा बोलताना, वळताना कोणाचाही पुसटतो. तेजरामजींनी लुगडं हिरवं केलं होतं, पाकळ्या लाल केल्या होत्या, पण चेहऱ्यावर रंगाचा टिपूसही नव्हता. "थ्याले हात लावायची हिंमत नाई झाली जी," म्हणाले.

त्या थंडीत आई गेली. तो फोटो आमच्या घरात बायकोनंच लावला, कळलावीसकट, देवाच्या भिंतीवर. हललेला आहे म्हणूनच तो मला माझ्या आईचा वाटतो. ती बसून राहणाऱ्यातली नव्हतीच. या माणसाचे माझ्यावर एवढे उपकार आहेत, की पुढे नागपूरहून काचांची पेटी पुन्हा आली, तेव्हा ती मी हमालाला न देता स्वतः पोटाशी धरून त्यांच्या घरी नेली. वाटेत कोणाच्याही रामरामाला मान हलवली नाही.

तेजरामजी अजून तसेच आहेत. हेडमास्तरांवर ओरडतात, नवरदेवावर ओरडतात, वाऱ्यावर तर ओरडतातच. पण खुर्चीवर एखादी म्हातारी माय येऊन बसली, तर दुकानातून आवाज येत नाही. ती पदर सावरते, पोरांना हाका मारते, खुर्चीत चुळबुळते, आणि तेजरामजी टोपण हातात धरून हळूच मोजत असतात, "एक, दोन, तीन."